पंधरा मिनिटं

चर्चच्या सभागृहात सिनेमा संपला, दिवे लागले आणि सगळ्यांचे रुमाल बाहेर आले. पट्टीकाकांनी तेवढा नुसता चष्मा पुसला. त्यांचे डोळे ठणठणीत कोरडे होते.

पट्टीकाका म्हणजे मिशनच्या दवाखान्यातले ड्रेसर. बत्तीस वर्षं जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. खरं नाव आता हजेरीपटावरच उरलेलं. सिनेमातला नायक बावीस वर्षांचा. अंगात पांढरा शर्ट, खांद्याला गिटार. जंगलातल्या वस्तीत येतो काय, एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधून प्रार्थना करतो काय, आणि गाणं संपायच्या आत म्हातारी तुरुतुरु चालायला लागते. सव्वा तासात अख्खी वस्ती बाप्तिस्म्याला नदीत उतरली आणि नायक होडीत बसून पुढच्या वस्तीकडे निघाला. शर्टावर एक डाग नाही.

"पट्टी बांधली आणि उठला," काका पुटपुटले. "थांबला नाही."

"तुम्हाला सिनेमातही पट्ट्याच दिसणार," म्हणत बायकोने कोपराने ढोसलं.

काकांना देवाचं वावडं नव्हतं. सकाळी पहिला हातमोजा चढवण्याआधी ते रोज दोन शब्द प्रार्थना करत. वावडं होतं ते घाईचं. आणि ती तर आता घरातच शिरली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली धाकटी लेक चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, मी उद्या कॉलेज सोडायचा अर्ज देतेय. चर्चच्या तरुण संघाची तुकडी बुधवारी जंगलातल्या वस्त्यांवर निघणार आहे. दोन वर्षांसाठी."

"परीक्षा सात महिन्यांवर आलीय."

"तिकडे लोक मरतायत, आणि मी इथे चादरी बदलत बसू?"

याचं उत्तर काकांपाशी होतं, पण गेली बत्तीस वर्षं ते त्यांनी गिळून ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अर्ज दहाला दे. साडेसातला माझ्याबरोबर ड्रेसिंगला ये. शिंपीदादा यायचेत."

शिंपीदादांना ती लहानपणापासून ओळखत होती. तिचे शाळेचे फ्रॉक त्यांनीच शिवलेले. उजव्या पायाची दोन बोटं नव्हती, ती मशिनीत गेली असं घरात सांगितलं जायचं. त्याच पायाच्या घोट्याजवळची जखम भरे आणि पुन्हा उघडे.

सकाळी ड्रेसिंगच्या खोलीत काका भिंतीला टेकून उभे राहिले आणि काम त्यांनी लेकीवर सोडलं. हात चांगला होता तिचा. जखम स्वच्छ केली, पट्टी पावलापासून वर घेत नेली, मग शिंपीदादांच्या गुडघ्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. आमेन म्हणून ती उठली आणि पिशवी उचलली.

"बस," शिंपीदादा म्हणाले. "बांधणाऱ्यानं पंधरा मिनिटं बसायचं. या खोलीचा नियम आहे."

"कुणी केला?"

"तुझ्या बापानं. माझी दोन बोटं गेल्यावर."

तिने वडिलांकडे पाहिलं. काकांचे कान लाल झाले होते. लाज इतकी जुनी झाली तरी बोथट झालेली नव्हती.

"मशिनीत नाही गेली ती," काका म्हणाले. "मी बावीसचा होतो. असाच संघ, महिन्याभराचं शिक्षण. यांच्या पायाला पट्टी बांधली, सुटू नये म्हणून चांगली आवळून. मी येईपर्यंत सोडू नका म्हणालो. पुढच्या गावी गाण्यांची सभा होती. आलो तो चौथ्या दिवशी. बोटं काळी पडली होती."

"दुखत असेल ना? मग तुम्ही सोडली का नाहीत?" तिने शिंपीदादांना विचारलं.

"त्यानं देवाचं नाव घेऊन बांधली होती. सोडायची कशी?" शिंपीदादा सहज म्हणाले. "आता मला डाव्या पायानं मशीन मारायची सवय झालीय. पण हा बाबा काही त्या दिवसापासून इथून हलला नाही."

मग तिची नजर पट्टीबाहेर दिसणाऱ्या तीन बोटांवर गेली. ती निळसर दिसत होती. बोटं तपासायचं कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवलेलं, पण आज जोशात ती विसरली होती.

"दादा, घट्ट झालीय ही. सांगितलं का नाहीत?"

"तू प्रार्थना करत होतीस," ते म्हणाले. "मध्येच कसं बोलायचं? तेव्हाही नव्हतो बोललो."

तिने लगेच पट्टी सोडली, पुन्हा सैल बांधली आणि स्टूल ओढून पायाशी बसली. पिशवीतला फोन वाजला. संघाचा पुढारी असणार. तो वाजू दिला.

काकांना एकदम भरून आलं. सिनेमात कोरडे राहिलेले डोळे त्यांनी इथे बाहीला पुसले.

पंधरा मिनिटं झाल्यावर तिने त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं, सोडल्यावर गुलाबी. रक्त नीट फिरत होतं.

"जायचं तर मला आहेच, बाबा," नखावरची नजर न काढता ती म्हणाली. "परीक्षा झाल्यावर जाईन."

"जा की," काका म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

ती मात्र उठली नाही. अजून एकदा बघते म्हणाली.