तुडतुडा हलत नव्हता

जळगावच्या आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात किड्यांचे फोटो काढणाऱ्यांना फार मान. बारा खिशांची जाकिटं घालून ही माणसं मुंगीपुढे गुडघे टेकतात आणि मग तासभर विनम्रतेवर बोलतात. मी जाकीट घेतलं नाही, पण त्यांचे आकडे पाठ केले. अ‍ॅपर्चर अकरा, म्हणजे भिंगाचं छिद्र इतकं लहान की किड्याच्या डोळ्यांबरोबर पायही स्पष्ट येतात. शटर सेकंदाचा दोनशेवा भाग, आयएसओ दोनशे, फ्लॅशपुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा. आणि जायचं सकाळीच, गारव्यात किडे सुस्त असतात.

मला कापसावरचा तुडतुडा हवा होता. तांदळाच्या दाण्याहून लहान, पोपटी, पानाखाली राहतो आणि सावली पडली की तिरपा पळतो. सोनगीरजवळ माझे जुने मित्र नाना यांचं कापसाचं रान आहे. "कधी बी या, विचारानं काम नही," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. न विचारताच तीन रविवार गेलो आणि फोटोंत नुसते हिरवे फराटे घेऊन परतलो.

चौथ्या रविवारीही फोन न करताच गेलो. नाना रानात नव्हते. बांधावर एका काठीला रिकामी लाल बाटली उलटी अडकवलेली होती. माझ्या चौकटीत मागे तिचा लाल डाग येत होता, म्हणून मी काठी उपटून गवतात आडवी टाकली. पानं ओली होती. दव असेल. वास होता, पण शेताला काही ना काही वास असतोच.

त्या दिवशी तुडतुडा हलला नाही. मी ओल्या पानांत कोपरं रुतवून आडवा झालो, बोटांनी पान उलटं केलं, तरी तो जागचा हलेना. गारव्याचा सिद्धांत खरा ठरला म्हणून मी खूश. चाळीसेक फोटो काढले.

मग उजेड कमी झाल्यासारखा वाटला. आभाळ आलं असेल म्हणून आयएसओ चारशे केला, मग आठशे. कडा पुसट दिसायला लागल्या, तेव्हा भिंग पुसलं. पुन्हा पुसलं. तोंडात लाळ दाटत होती, शर्ट घामाने चिंब झाला होता. वर पाहिलं तर आभाळ स्वच्छ होतं आणि तरीही दिवस मावळल्यासारखा दिसत होता. तेव्हा कळलं की बिघाड कॅमेऱ्यात नाही. उठायला गेलो तर पाय आपले वाटेनात. दंडाचा स्नायू कातडीखाली एकटाच उडत होता, मी त्याच्याकडे परक्यासारखा पाहत राहिलो.

रानात परतलेल्या नानांनी मला ओकताना पाहिलं. "भाऊ, पहाटेच फवारणी करी शे. बाटली नही दखाई?" म्हणत त्यांनी माझा शर्ट ओढून काढला, कोपरं पाटाच्या पाण्यात धुतली आणि शेजाऱ्याच्या गाडीत घालून धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. विषाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अ‍ॅपर्चर लहान केलं की जास्त स्पष्ट दिसतं, हा मंडळाचा नियम माझ्या डोळ्यांनी मानला नव्हता.

उताऱ्याच्या इंजेक्शननंतर तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली आणि डोकं चालू झालं. "नाना, आज रानात कोणी येणार होतं का?"

"अक्का येनार, दहाले. सहा बाया, निंदाले."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, निंदणीच्या बाया तीच आणते. बाटली दिसली नाही तर रान मोकळं, असा तिचा हिशेब. "काठी मी उपटली," मी म्हणालो.

नाना रागावले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. अक्का फोन भाकरीच्या फडक्यात बांधून बांधावर ठेवते, हे मला ठाऊक होतं. भिंतीवर साडेदहा वाजले होते. सहा जणी वाकलेल्या, ओल्या पानांत हात, त्याच हातांनी दुपारची भाकरी, हे सगळं मला डोळे मिटले तरी दिसत होतं, आणि अगदी स्पष्ट.

अकराला पाच कमी असताना तिचाच फोन आला. नानांनी तो माझ्या कानाजवळ धरला.

"बाटली नव्हती," अक्का म्हणाली, "पन रानवर एक चिडी बी नव्हती. मी बायास्ले बांधवरच बसाडं. मंग गवतमा काठी सापडनी. कोन्या शहाण्यानी उपटी व्हती ती?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तो शहाणा आठेच शे. सलाईन चालू शे त्याले."

संध्याकाळी नानांनी कॅमेरा मागितला. बराच वेळ ते पडदा डोळ्यांजवळ धरून बसले. "बठ्ठं साफ दिसस. पायवरना केस बी मोजी ल्या." मग पडदा माझ्याकडे वळवत म्हणाले, "पन भाऊ, हाऊ तर मरेल शे."

मंडळाला मेलेल्या तुडतुड्याचा तो फोटो मी अजून दाखवलेला नाही. पहिला प्रश्न आकड्यांचाच येईल.