कुंदानं सांगितलं नाही

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मसाला भाजत होते. फोन तिच्या यजमानांचा होता. "सुमनताई, कुंदा गेली," एवढंच म्हणाले ते. मी गॅस बंद केला, खोबरं करपू नये म्हणून ताटात काढलं आणि मग खाली बसले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. माझं तिच्याशी भांडण बाकी होतं आणि ही बाई ते अर्धवट टाकून निघून गेली... आता महिना होऊन गेला. लोक तिच्याबद्दल चांगलं बोलताहेत, आणि ते सगळं खरंही आहे. पण माझ्या वाट्याला आलेली कुंदाही कुणीतरी सांगायला हवी.

आम्ही दोघी इतवारीतल्या एकाच गल्लीतल्या. दोघींच्या घरी हातमाग होते, ते दोघींच्या डोळ्यांदेखत बंद पडले. कुंदा शिकून वकील झाली, काही वर्षं कोर्टात काढली आणि मग घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून बसली. तिच्याकडे यायची ती सगळी लहान धंद्याची माणसं. पापड करणाऱ्या बाया, बॅगा शिवणारे, उमरेडचा एक लुगडी विणणारा. धंद्याचं नाव, लेबल, नक्षी आपल्या नावावर कशी करायची, ते ती सांगायची. अशा कामाला एखादा एजंट गाठावा लागतो, तो मुंबईचा वकील गाठून देतो, असं लोकांना वाटायचं. कुंदा म्हणायची, "मधल्या माणसाचं काय काम? तुमचा धंदा तुम्हाले माहीत, कायदा मले माहीत. सरळ या नं, मोकळं बोला." एका बाईला 'उत्तम पापड' हे नाव हवं होतं. कुंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "उत्तम तं सगळेच म्हणतेत वं बाई! त्याच्यात तुझं काय?" ती बाई रुसली, पण नाव बदलून गेली.

माझ्या मसाल्याचं नाव होतं 'बनूआई'. माझ्या आईला सगळी गल्ली याच नावानं हाक मारायची. ती गेल्यावर मी तिच्या हातचा काळा मसाला करून विकायला लागले आणि पाकिटावर तिचं नाव घातलं. कुंदा दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. रस्सा ओरपून, घाम पुसत म्हणायची, "तुझं नाव पण नोंदवून टाकू वं, पुढच्या महिन्यात." मग एका रविवारी ताटावर बसल्या बसल्या अचानक म्हणाली, "सुमन, तुझं काम मी नाही करत. दुसऱ्या वकिलाकडं जाय. उद्याच जाय."

"काहून वं? मी काय परकी आहे?"

"घरच्यांचं काम मी घेत नाही."

मला वाटलं, बाईसाहेबांचे नखरे चाललेत. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती विचारायची, "गेली होती का?" आणि प्रत्येक रविवारी मी ते हसण्यावारी न्यायचे. घरात वकील असताना मी दुसऱ्याचं दार कशाला वाजवू? तिचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, थकली असेल.

मग कोराडीच्या कॉलनीतल्या दुकानदारानं माझी पाकिटं परत केली. त्याला नोटीस आली होती. 'बनूआई' हे नाव आता दिलीपच्या मालकीचं होतं. दिलीप म्हणजे माझा धाकटा भाऊ, ज्याला मी कडेवर वागवलं, त्याच्या बुडालेल्या प्रत्येक धंद्यात ज्याची बाजू घेतली, तोच. आता तोही मसाला विकणार होता, आणि आई त्याचीही होती ना! मी तशीच रिक्षा करून कुंदाकडे गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं.

"तुले माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. "दिलीप माझ्याकडं आला होता. मी त्याचं काम घेतलं नाही. त्यानं दुसरीकडून केलं. पण या खोलीत तो जे बोलला, ते मले बाहेर सांगता येत नव्हतं. म्हणून तं तुले म्हणत होती, दुसऱ्याकडं जाय."

"माझ्या घरी जेवून राहिली होती नं तू, कुंदा? माझ्या हातचं खाऊन राहिली होती!"

तिनं टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "लढ. नाव तू आधीपासून वापरून राहिली, तुझी बाजू भक्कम आहे." पण आईच्या नावासाठी सख्ख्या भावाशी कोर्टात भांडायचं माझ्यानं झालं नाही. मी पाकिटांवरचं नाव बदललं. दुकानदारांना नवीन नाव सांगताना प्रत्येक वेळी आई पुन्हा गेल्यासारखं वाटायचं. दिलीपचा राग आलाच, पण तो तसाच आहे, हे मला कुठेतरी ठाऊक होतं. कुंदाचं मात्र मनाला लागलं ते लागलंच. रविवार बंद झाले.

ती दवाखान्यात आहे आणि मला बोलावते आहे, असा निरोप आला तेव्हा मी गेले. वाटलं, आता तरी म्हणेल. तर तिचा पहिला प्रश्न, "नवीन नावाची नोंदणी केली का?" मी केली म्हटलं. "बरं केलं," ती म्हणाली. मग मीच म्हटलं, "कुंदा, एकदा म्हण नं, चुकलं म्हणून."

ती म्हणाली, "तुले लागलं, ते मले माहीत आहे वं. पण चुकलं नाही माझं. मी तुले सांगितलं असतं, तं उद्या आलेल्या बाईले कोणत्या तोंडानं म्हटलं असतं, मोकळं बोल म्हणून?"

मी तिला मोसंबीचा रस पाजला, तोंड पुसलं आणि निघाले. तीच शेवटची भेट.

तेरवीला गेले तेव्हा माणसांच्या गर्दीतून सुटून पुढच्या खोलीत शिरले. टेबलासमोर एकच खुर्ची होती. कुंदा एका वेळी एकाच माणसाशी बोलायची, नवरा-बायको आले तरी एकाला बाहेर बसवायची. माझा माल कुठं कुठं जातो, ते मीही तिला याच खुर्चीत बसून सांगितलं होतं. त्या खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, नवखा माणूस हमखास कलंडतो. माझ्या मागोमाग दिलीप आत आला आणि त्या खुर्चीत बसला. कलंडला नाही. न पाहता उजवीकडे रेलून बसला, अगदी मी बसायचे तसा.

"किती वेळा आला होता तू इथं?"

"चार-पाच खेटे घातले, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. "दरवेळी म्हणे, आधी बहिणीशी बोलून ये. शेवटी मी म्हटलं, काम नका घेऊ, पण ताई कुठं कुठं माल देते तेवढं तं सांगा. अशी खेकसली माझ्यावर! दारच दाखवलं मले."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दिलीप उठला, खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बस नं ताई." मी उभीच राहिले. मी तिची जन्माची मैत्रीण आणि मला लुबाडणारा माझा भाऊ, दोघांना कुंदानं एकाच खुर्चीत बसवलं आणि दोघांचाही एक शब्द त्या खोलीबाहेर जाऊ दिला नाही. वकिलानं याहून चोख काय वागावं? पण मला वकील नको होती.