ओट्यावरची तांदळाची पिशवी

सकाळी अकरा वाजता मी एका झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारला. तो "कोण आहे?" म्हणून ओरडत उठला आणि मी म्हणालो, "मी वकील."

याहून वाईट उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

फ्लॅट सातपूरचा. मालक घोटीचे अण्णा, तांदळाचे व्यापारी आणि माझे जुने अशील. खालच्या मजल्यावरून लीकेजची तक्रार आली होती. अण्णा म्हणाले, "चला, बघूनच येऊ. किल्ली हाय माझ्याकडं." दार वाजवलं, उत्तर नाही. भाडेकरू गायकवाड कामावर गेला असणार, असं आम्हीच ठरवलं आणि आत शिरलो. गायकवाड कंपनीत मशीन चालवतो. त्या आठवड्यात त्याची थर्ड शिफ्ट होती, म्हणजे आमचे अकरा ही त्याची मध्यरात्र. पडदे ओढलेले, म्हणून टॉर्च.

दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको सुनीता माझ्या ऑफिसात आले.

"आम्ही घर सोडतोय," गायकवाड म्हणाला.

मी टॉर्चबद्दल माफी मागू लागलो. सुनीतानं थांबवलं. "टॉर्चचं जाऊ द्या, साहेब. मागच्या महिन्यात मी अंघोळ करून बाहेर आले, तर ओट्यावर तांदळाची पिशवी. मी घरात होते आणि कुणीतरी येऊन गेलं होतं. आता घरात असले की दिवसासुद्धा आतून कडी लावून बसते. मुलगी दहावीला आहे, वर्षाच्या मध्ये घर बदलणं परवडणारं नाही. पण असं राहायचं तरी कसं?"

अण्णांना बोलावून घेतलं. ते खरोखरच दुखावले.

"नवा इंद्रायणी आला, म्हणून पिशवी ठिवली. प्रेमानं ठिवली! चोरी तर नाय केली? माझंच घर हाय."

मी करार काढला. आपल्याकडे बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्सवर जातात. सोप्या भाषेत, मालकी मालकाची, पण ठरलेल्या काळापुरतं राहणं भाडेकरूचं. मालकाला घर तपासायचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. हे सगळं मी चांगल्या खणखणीत आवाजात समजावलं.

"पण आपल्या करारात काय लिवलंय?" अण्णांनी विचारलं.

मी वाचलं. 'मालक केव्हाही प्रवेश करू शकतील.'

ते कलम माझंच होतं. एका गोडाऊनच्या करारातून कॉपी-पेस्ट केलेलं. पोत्यांना झोप नसते, अंघोळ नसते. तिथे ते शोभून दिसलं होतं.

नवं कलम तिथेच लिहिलं. एक दिवस आधी मोबाइलवर निरोप. शिफ्टप्रमाणे झोपेच्या वेळा सोडून यायचं. पाइप फुटला, आग लागली, तरच अपवाद.

"म्हणजे माझ्याच घरात जायला मी याचं टाइमटेबल बघायचं?"

"हो, अण्णा."

अण्णा बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. मग सुनीताकडे न बघताच म्हणाले, "पोरगी दहावीला हाय म्हन्ता? मग कुठं जाता? हितंच ऱ्हावा." आणि सही केली. प्लंबर आधी कळवून रविवारी आला. लीकेज थांबलं.

वाजवी वेळ म्हणजे नेमके किती वाजता, हे कायदा सांगत नाही. ते आत राहणाऱ्याला विचारावं लागतं. एवढं मी हल्ली फी न घेता सांगतो.

संध्याकाळी नवं कलम बायकोला वाचून दाखवलं. थोडं कौतुक अपेक्षित होतं. ती गवार मोडत होती.

"निरोप कुणाच्या मोबाइलवर?"

"गायकवाडच्या. करार त्याच्या नावावर आहे ना."

"आणि कंपनीत मोबाइल आत नेऊ देतात?"

"नाही. गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो."

"मग छान केलंत," ती म्हणाली. "दार उघडणार त्याची बायको, आणि कळवणार लॉकरला."