आखाजीला काढलेले टेकू

राखेवर माझा जीव आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. लोक हसतात. जळगावच्या एका कॉलेजात मी काँक्रीटची प्रयोगशाळा सांभाळते. भुसावळकडे वीज तयार करताना कोळसा जळतो, त्याची पिठासारखी बारीक राख आमच्याकडे पोत्यांनी येते. सिमेंटच्या दहा भागांतले चार काढायचे, तिथे ही राख घालायची आणि तरीही उंच इमारतीच्या खांबाला चालेल असं ताकदीचं काँक्रीट करायचं, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. ते होतं. फक्त वेळ लागतो. राख आपली आपण घट्ट होत नाही. सिमेंट भिजताना त्यातून चुना सुटतो, तो मिळाला की मग ती कामाला लागते. तेही ओल टिकली तरच. साध्या काँक्रीटला महिना, तर हिला दोन महिने द्यावे लागतात. पोरांना शिकवताना हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

आणि नेमकं हेच मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नाही.

धरणगावजवळच्या आमच्या गावी भाऊंनी घरापुढे नवी खोली काढायला घेतली. त्यासाठी अंगणातला निंब तोडावा लागला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोके बांधतात. आमच्या घरच्या सगळ्या लेकी त्या निंबाला झोका बांधून खेळल्या. भाऊंच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, यंदा तिची पहिली आखाजी. वहिनीने निंबासाठी चार दिवस तोंड फुगवलं आणि शेवटी अट घातली, नव्या खोलीच्या छताला झोक्यासाठी हुक पाहिजे. भाऊ कबूल झाले.

तेव्हा मी म्हटलं, स्लॅब माझ्या राखेचा टाका. हौस माझी. गावात एक तरी छत आपल्या राखेचं असावं, असं मला फार वाटत होतं. गावातली निम्मी घरं ज्यांच्या हातची आहेत ते म्हातारे मिस्तरी, सगळे त्यांना नाना म्हणतात, राखेची पोती बघून मला म्हणाले, "बाई, राखवरी भांडा घासतस, घर नही बांधतस."

सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं. भाऊ म्हणाले, "नाना, मन्ही बहीण हाईच शिकाडस कॉलेजमा." मग मी तिथेच अर्धा तास भाषण ठोकलं. हे काँक्रीट कसं दगडाहून टणक होतं, पाणी कसं शिरत नाही, सळई कशी गंजत नाही. सगळं खरं. उशीर लागतो, एवढं मात्र गाळलं. नानांच्या हातात कशाला कोलीत द्यायचं, असं तेव्हा मनात आलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं.

स्लॅब टाकून झाला. "पाणी मारत राहा," असं मोघम सांगून, त्याच काँक्रीटचे ठोकळे घेऊन मी जळगावला परतले आणि ते प्रयोगशाळेच्या हौदात बुडवून ठेवले. सातव्या दिवशी एक मशीनखाली दाबला. साध्या काँक्रीटचा जितक्या दाबाला फुटला असता त्याच्या निम्म्यावरच तो फुटला. मी घाबरले नाही, हे असंच होतं. बाकीचे ठोकळे हौदात गार पाण्यात सुखात होते. गावातल्या स्लॅबवर मात्र चैत्राचं ऊन होतं आणि नळाला पाणी चार दिवसांआड. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आठवडाभर पाणी देऊन त्यांनी बंद केलं होतं. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पंधरा-सोळा दिवस झाले असतील, भाऊंचा फोन आला. मी परीक्षेच्या गडबडीत होते. त्यांनी विचारलं, "स्लॅब पक्का व्हयना ना, बाई?" मी म्हटलं, "पक्का? दगड शे दगड." ते का विचारतायत, हा प्रश्न मला पडला नाही. पलीकडे नाना उभे होते आणि स्लॅबखालचे टेकू काढावेत की आणखी थांबावं, असं त्यांनीच भाऊंना मला विचारायला लावलं होतं, हे मागाहून कळलं. आपल्या जिभेचा मला इतका राग कधी आला नव्हता.

आखाजीच्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गावी पोहोचले. खापरावर भाजत्या पुरणाच्या मांड्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. नव्या खोलीत गाणी चालली होती. दारात पाऊल टाकलं आणि आधी दिसलं ते हे, की आत एकही टेकू नाही. सगळे काढलेले. छताच्या हुकाला दोरखंड, फळीवर भाऊंची लेक आणि तिची मैत्रीण उभ्याने झोका चढवतायत, खाली सात-आठ बाया आणि पोरी. मी वर पाहिलं. हुकापासून दोन्ही बाजूंना केसाएवढी रेघ गेली होती. दोन दिवसांपूर्वीची असेल किंवा आत्ताची, सांगता येत नव्हतं.

"फुई, ये ना, तू बी बस!" पोरगी वरून मला, तिच्या आत्याला, हाक मारत ओरडली.

मी ओरडले, "उतर खाली! आत्ताच्या आत्ता उतर!" गाणं थांबलं. पोरगी बावरून उतरली. वहिनी स्वयंपाकघरातून तशीच हात पुसत आली. "पहिली आखाजी शे तिन्ही. झोका थांबाडतस का कोनी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मागोमाग भाऊ आले, दारात शेजारी जमले. सणाला जेवायला बोलावलेले नानाही त्यांत होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. स्लॅब अजून कच्चा आहे, चूक माझी आहे. ते वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. पण समोर ते सगळे, ज्यांच्यापुढे मी भाषण ठोकलेलं.

मी म्हटलं, "हुक ढिला शे."

भाऊंनी वळून पाहिलं. "नाना, हुक ढिला कसा काय ऱ्हायना?"

नानांनी हुकाकडे पाहिलं, मग त्या रेघेकडे, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "व्हई गयं व्हई." झालं असेल, एवढंच, आणि जेवायला न थांबता टेकू आणायला गेले. मी पुढचं खोटं लगेच रचलं, की हुक हलल्यामुळे आजूबाजूचं काँक्रीट दुखावलं असेल, दोन महिने टेकू राहू द्या, ओली गोणपाटं टाकून ठेवा. सगळ्यांनी ऐकलं. दुपारी मी पानातला मांडा तसाच ठेवला. पोरगी शेजारच्यांच्या अंगणात झोका खेळायला गेली.

टेकू राहिले, पाणी सुरू झालं आणि स्लॅब सावरला. रेघ वाढली नाही. दोन महिन्यांनी ठोका देऊन ताकद मोजणाऱ्या हातोडीच्या यंत्राने मी छत ठिकठिकाणी तपासलं, आकडा चांगला आला. हौदातले ठोकळे तर माझ्या अंदाजापेक्षाही जास्त दाबाला फुटले. कॉलेजात अभिनंदन झालं, पेढे वाटले. मला राहून राहून आखाजी आठवत होती, कारण मधल्या काळात गावातून एक बातमी आली होती. नानांचा हुक निसटला, लेकीबाळी मरता मरता वाचल्या, असं गावभर झालं होतं. त्या हंगामात दोन घरांचे स्लॅब ठरलेले होते, ते दुसऱ्या मिस्तरीकडे गेले. नाना आता गिलाव्याची आणि कंपाउंडची किरकोळ कामं करत होते.

मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून थापी घासत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, न थांबता, भाषणात गाळलेल्या गोष्टीपासून फोनपर्यंत आणि फोनपासून हुकापर्यंत. रडायला आलं, तेही लपवलं नाही. त्यांनी थापी बाजूला ठेवली.

"माले तवयच समजनं व्हतं. हुक मी सळीले बांधेल व्हता. तो हालस नही."

"मंग तुम्ही बोलनात का नही, नाना?"

"तू सांगं मिस्तरीनी चूक, बठ्ठास्नी ऐकी लिधं. मी सांगतू बाईनी चूक, तं कोन ऐकतं?"

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. आतून चहा आला. कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "आते माले कसाले सांगस? माले तं मालूम शे. ज्यास्ले मालूम नही त्यास्ले सांग."

त्याच संध्याकाळी मी भाऊंना सांगितलं. ते एवढंच म्हणाले की हे घरातच राहू दे, तुझं नाव आहे. मी "बरं" म्हटलं. आजही गावी गेले की भाऊ पाहुण्यांना छत दाखवतात, हे माझ्या बहिणीचं काँक्रीट म्हणून. मी बाजूला उभी असते, आणि नानांना अजून कुणी स्लॅब दिलेला नाही.