उभ्यानंच बरं

आमच्या ओटीवर ते कधी बसले नाहीत. पाट मांडा, झोपाळा मोकळा करा, खुर्ची पुढे ओढा, ते आपले खांबाला एक हात लावून उभे. "उभ्यानंच बरं आहे हो," म्हणायचे. मग बोलता बोलता टाचा वर उचलायच्या, टेकायच्या, पुन्हा उचलायच्या. समोरच्या माणसाचं निम्मं लक्ष त्या टाचांकडेच जाई. आमची ही आतून हळूच म्हणे, "आल्या वाटतं टाचा."

आळीत त्यांना सगळे नाझर म्हणत. रत्नागिरीच्या कोर्टात नाझर म्हणून, म्हणजे समन्स-नोटिसा बजावणाऱ्या बेलिफांवरचा अधिकारी म्हणून, उभा जन्म काढून त्यांनी पेन्शन घेतली होती. त्याच कोर्टात मी नकला करणारा कारकून. शिवाय त्यांच्या आणि आमच्या अंगणात कंबरेइतका चिऱ्याचा गडगा, तेवढाच आडपडदा. दिवसा त्यांच्या हाताखाली आणि उरलेला वेळ त्यांच्या नजरेखाली अशी माझी बरीच वर्षं गेली.

आणि मी मुळातच दमलेला माणूस. इतरांना दमायला काम करावं लागतं, मला नुसतं उठावं लागलं तरी पुरतं. नकला करून मान आखडलेली, पाठ धरलेली, कोर्टातून घरी आलो की झोपाळ्यावर पडायचं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. अशा माणसाच्या शेजारी नाझर राहावेत, हा माझ्या नशिबाचा विनोद होता.

तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ लहानपणापासून तालमीत घुमलेला असणार. छे. नोकरीत असताना ते आमच्यापेक्षा बैठे होते. पट्टेवाल्याने पाणी आणायचं, पट्टेवाल्याने कागद द्यायचा, खाली पडलेली टोपीही पट्टेवाल्यानेच उचलायची. त्यांच्या निरोपसमारंभाला हार घालून झाले, पेढे झाले, साहेब दोन शब्द बोलून बसले. आता यांनी उत्तराला उठायचं, तर उठताच येईना. खुर्चीच्या दोन हातांमध्ये ते घट्ट बसले होते. शेवटी दोघा पट्टेवाल्यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. सगळे हसले, तेही हसले. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना गडग्यापलीकडे पावलं वाजायला लागली.

आधी अंगणातल्या अंगणात. मग आळीच्या वळणापर्यंत. पावसाळा सरला तसे ते मांडवीच्या बंदरापर्यंत जाऊन यायला लागले. मी गडग्यावरून म्हटलं, "आता एकदम भगवतीच्या किल्ल्यावरच चढा की."

"पहिल्याच दिवशी पराक्रम करायचा नसतो रे," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पुन्हा उठता आलं पाहिजे. तू चल उद्यापासून."

मी कधी गेलो, कधी अंगावर पांघरूण ओढून झोपल्याचं सोंग केलं. सोंग केलेल्या दिवशी संध्याकाळी खांबाजवळ टाचा हजर. रागावणं नाही, उपदेश नाही. "आज नाही जमलं, उद्या जमेल," एवढंच म्हणत. त्या माणसाच्या चिकाटीनेच मला जास्त थकवा यायचा.

असं छान चाललेलं असताना एका वर्षी श्रावणाच्या अखेरीला काकूंना, म्हणजे त्यांच्या कुटुंबाला, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. तोंड किंचित वाकडं झालं, बोलणं जड झालं. वैद्यबुवांनी तेल दिलं, मात्रा दिली आणि बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, "आता अंथरूणच. हलवू नका फारसं."

पाठोपाठ भाद्रपद आला. त्यांच्याकडे खड्यांची गौर. आळीच्या खाली पऱ्या वाहतो, तिथे घरच्या सवाष्णीने जायचं, पाण्यातले खडे निवडून ताम्हनात घ्यायचे आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी चढून घरी आणायचे. वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे वळून बघायचं नाही, कुठे टेकायचं नाही. दारात तिचे पाय धुवायचे आणि कुंकवाच्या पावलांवरून तिला आत न्यायचं. सासूच्या पश्चात त्या घरची गौर काकूंनीच आणलेली. मुलगा नोकरीला मुंबईत, सून त्या वर्षी बाळंतीण. शेवटी आमच्या हिने त्यांची गौर आणून दिली. काकू माजघरात अंथरुणावर पडून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला उजवा हातसुद्धा त्या उचलत नव्हत्या. "घरची गौर यायची," त्या अडखळत म्हणाल्या, "आणि मी ही अशी."

नाझर उंबऱ्यात उभे होते. टाचा हलत नव्हत्या. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी खडे तूच आणायचेस."

काकूंना ते खरं वाटलं नाही. मला तर ते क्रूर वाटलं.

त्यानंतरचे महिने मी गडग्याच्या अलीकडून बघितले. आधी नुसतं तेल चोळणं आणि बोटं उघडणं-मिटणं. मग पाठीशी लोड लावून बसवणं. मग पडवीच्या खांबाला धरून उभं करणं. "अगो, ऊठ. थोडंच."

"मरू द्या हो मला."

"मर की. पण उभ्यानं."

काकू चिडत, रडत, उजव्या हाताने त्यांना ढकलून देत. मग उठत. दिवाळीनंतर एकदा मी पाहिलं तर नाझर उलटे, मागे मागे पावलं टाकत चाललेत, काकूंचे दोन्ही हात त्यांच्या हातांत, आणि दोघं तुळशीवृंदावनाभोवती फिरताहेत. डावा पाय जमिनीवरून फरफटत होता. एक फेरी झाली, की दोघांनाही धाप.

हातासाठी त्यांनी जातं काढलं. काकूंचा डावा हात खुंट्यावर ठेवायचा, त्यावर आपला हात दाबून धरायचा आणि दोघांनी मिळून दळायचं. आता त्या काळी पुरुषाने जात्यावर बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांच्याकडे धुण्याला येणारी बाई आमच्या परसात पोट धरून हसली. "नाजर जात्यावर बसले, आता कोर्टाची काय अब्रू ऱ्हायली वो?"

त्यात आणखी, जातं म्हटलं की ओवी हवी. काकूंच्या तोंडून शब्द धड फुटेना आणि नाझरांना ओवी एकही येत नव्हती. त्यांना पाठ होत्या त्या फक्त कोर्टाच्या नोटिसा. मग भल्या पहाटे ओवीच्या चालीवर सुरू व्हायचं, "ज्याअर्थी इसम मजकूर हाऽऽजर झाला नाऽऽही, त्याअर्थी त्यास कळविण्यात येऽऽते..." आवाज भसाडा, चाल चुकलेली. पहिल्या दिवशी ते ऐकून काकू हसल्या. झटक्यानंतर त्यांचं हसणं मी माझ्या अंथरुणात पडल्या पडल्या पहिल्यांदा ऐकलं.

आळीतल्या बायकांनी मात्र तुळशीभोवतीच्या त्या फेऱ्यांचा आपल्या परीने अर्थ लावला. बाईमाणूस औषध म्हणून चालतं, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना वाटलं, हा नवस आहे, आणि काकूंना गुण येतोय त्या अर्थी पावणारा आहे. झालं! एकेक करून बायका यायला लागल्या. कोणाला मूल हवं होतं, कोणाचा नवरा बोटीवर गेला होता, कोणाचं नुसतंच पोट फुगत होतं. सगळ्या त्या तुळशीभोवती फिरायच्या. मोजायला परडीत फुलं घेऊन यायच्या, तेवढ्याला नाझरांची हरकत. "मोजू नका. दमलात की थांबा, दम गेला की चाला."

मी म्हटलं, "अहो, खरं काय ते सांगा की त्यांना."

"कशाला? नवस म्हणा, औषध म्हणा, पाय उचलला म्हणजे झालं." पोट फुगणारीला लवकरच गुण आला, हे मला ठाऊक आहे, कारण ती आमचीच ही.

पण वैशाखात काकू पडल्या. उन्हाच्या तलखीत भोवळ आली आणि त्या वृंदावनाच्या कोपऱ्यावरच आपटल्या. मार फार नव्हता, पण धीर गेला. त्या पुन्हा अंथरुणाला लागल्या आणि उठेचनात. नाझर रोज सकाळी जाऊन उभे राहायचे, "अगो, ऊठ," म्हणायचे, काकू भिंतीकडे तोंड फिरवायच्या. असे बरेच दिवस गेले. एके दिवशी मी कोर्टातून येतो तो काय, नाझर पायरीवर बसलेले. पेन्शनीनंतर, जातं सोडलं तर, मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेवढंच. पंच्याने मानही पुसत नव्हते, घाम तसाच वाहत होता.

"दमलो रे," ते म्हणाले. "आता नाही होत."

मी जन्माचा दमलेला, पण त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला भीती वाटली. मी गडग्याला टेकून नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात आतून फरफट ऐकू आली. काकू भिंतीला धरून, एकट्या, पडवीच्या दारापर्यंत आल्या होत्या. पदर लोळत होता. त्या धापा टाकत म्हणाल्या, "इकडून असं बसणं बरं दिसत नाही हो." आणि उजवा हात पुढे केला. नाझर तो हात धरून उठले. कोणी कोणाला उठवलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

भाद्रपदात गौरीच्या दिवशी पाऊस नुकता उघडला होता. पाखाडीचे चिरे निसरडे होते. चार बायका आणि घंटा वाजवणारी एक मुलगी काकूंबरोबर पऱ्यावर गेल्या. गौरीच्या वाटेत पुरुषांनी घुटमळायचं नसतं, म्हणून नाझर आमच्या ओटीवर येऊन खांबाला धरून उभे राहिले. मी शेजारी. घंटा ऐकू यायला लागली, मग पाखाडीच्या तळाशी काकू दिसल्या. दोन्ही हातांत ताम्हन, डाव्या हातातसुद्धा. एक चिरा चढायच्या, थांबायच्या, पुढचा चढायच्या. निम्म्यावर त्या इतका वेळ थांबल्या, की घंटेवाली मुलगी रडवेली झाली. काकूंना बोलायचं नव्हतं, वळायचं नव्हतं, टेकायचं नव्हतं. नाझरांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मग तो डावा पाय वर उचलला गेला. दारात आमच्या हिने त्यांचे पाय धुतले आणि गौर आत गेली.

नाझरांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला म्हणाले, "पाय अजून ओढतो जरासा. उद्या लवकर उठायला हवं."

पुढची काही वर्षं गौर त्यांच्याकडे अशीच येत राहिली. चाल दर वर्षी थोडी सुधारायची. मग एका मार्गशीर्षात नाझरांना ताप भरला, छाती भरली आणि आठवड्याच्या आत ते गेले. पारावर बसणाऱ्या पेन्शनरांना आयतं साधलं. "एवढा चालायचा, काय मिळालं?" असं एकमेकांना सांगून ते आणखी ऐसपैस बसले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला त्राण नव्हतं.

काकू विधवेच्या लाल आलवणात गेल्या. पहिल्या वर्षी त्या घरात सण नव्हताच. दुसऱ्या भाद्रपदात सून मुंबईहून आली, गौर आता तिने आणायची. ज्या पाखाडीसाठी त्या बाईने इतकं रक्त आटवलं, तिच्यावर ताम्हन घेऊन चढायचा हक्कच गेला होता. पाय चालत होते आणि वाट बंद झाली होती. त्या दिवशी मला सगळ्याचाच कंटाळा आला, सणाचा, आळीचा, रीतीचा.

सून अंगाने जड, चढाची सवय नाही. पाखाडीच्या मध्यावर तिचा दम संपला. चेहरा लाल झाला, गुडघे वाकले, आणि ती ताम्हन घेऊन चिऱ्यावर टेकणार, एवढ्यात पाखाडीला लागून असलेल्या त्यांच्या परसाच्या गडग्याआतून आवाज आला.

"बसू नकोस गो! उभ्यानंच दम घे."

परसातून काकू गडग्याकडेने आल्या होत्या. आलवण नेसलेल्या बाईने गौरीच्या आड येऊ नये, म्हणून त्या गडग्याच्या आतच होत्या, तरी बरोबरची एक म्हातारी चुकचुकलीच. काकूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सावकाश. दम गेला की पाऊल टाक. थोडंच राहिलंय." सुनेला उत्तर द्यायची सोय नव्हती. ती ताठ झाली. ती बाहेरून चिरे चढू लागली आणि काकू आतून, गडग्याला हात लावत, तिच्या बरोबरीने चालू लागल्या. अंगण सुरू होतं तिथे काकू थांबल्या, आणि गौर दारात पोचायच्या आत परसाकडे वळल्या. डावा पाय जरासा ओढत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती जात्याच्या घरघरीने. एकच माणूस दळत होतं, त्यामुळे जातं थांबत थांबत फिरत होतं. आणि जड जिभेने, पण चाल न चुकता कोणी म्हणत होतं, "ज्याअर्थी इसम मजकूर हाऽऽजर झाला नाऽऽही..."

माझी पाठ दुखत होती. मी उठलो, ओटीवर गेलो, खांबाला हात लावला आणि जातं थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.