डॉक्टरांचा हात थरथरत नव्हता

चिखलीतली जुनी माणसं आमच्या डॉक्टरांबद्दल अजून म्हणतात, "देवमाणूस, पण हात थरथरायचा." हे खोटं आहे आणि ते माझ्यामुळे पसरलं.

पिंपरीच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात मी कारकून होतो. डॉक्टर वसईकडचे, कॅथलिक. यंत्रात फाटलेली बोटं ते अशी शिवत की टाका शोधावा लागे. दुसऱ्या कंपन्यांचे कामगार आमच्या गेटवर येऊन त्यांना विचारत, तेव्हा माझी छाती फुगायची.

आणीबाणीत आमच्याकडे नसबंदीचं शिबिर ठरलं. नोकरीत कायम व्हायचं तर दाखला आणा, असं कामगारांना तोंडी बजावलं होतं. डॉक्टर मॅनेजरसाहेबांना माझ्यासमोर म्हणाले, "माझा धर्म याला परवानगी देत नाही, तेव्हा हे माझ्या हातून होणार नाही. ज्याला मनापासून करायचंय त्याला सरकारी दवाखाना दाखवीन, नंतर जखमही बघीन. पण धाकानं आलेल्याच्या अर्जावर 'राजीखुशी' लिहिणार नाही. ते मी ख्रिस्ती नसतो तरी लिहिलं नसतं."

खेडकडचा एक हेल्पर डॉक्टरांकडे आला. "साहेब, एकच लेक हाय मला. न्हाई म्हनलो तर काम जाईल."

डॉक्टरांनी त्याच्या अर्जावर 'इच्छा नाही' लिहून सही ठोकली.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. डॉक्टरांची नोकरी वाचावी म्हणून मी परस्पर टाईप केलं: हाताला कंप असल्याने शस्त्रक्रिया करू शकत नाहीत. साहेब खूश झाले. त्यांना वर पाठवायला कागद मिळाला.

आठवड्यात कँटीनमध्ये कोणीतरी ओरडलं, "डॉक्टरांना अर्धाच कप द्या राव, सांडेल!" बोट कापलेला एक टर्नर पट्टी न बांधताच निघाला. "नको डॉक्टर, पुण्यात दाखवतो."

दुपारी डॉक्टर माझ्या टेबलाशी आले. "हे तुम्ही लिहिलंत?"

"तुमच्या भल्यासाठी, डॉक्टर."

"मी 'नाही' म्हटलं होतं हो. तुम्ही त्याचं 'जमत नाही' करून टाकलंत."

त्यांनी स्वतःच्या अक्षरात साहेबांना कळवलं, की हात ठणठणीत आहे, नकार माझा आहे. चार दिवसांत नोकरी गेली.

त्यांनी चिखलीत दवाखाना काढला. तापाला, खोकल्याला रांग लागे. टाके घालून घ्यायला मात्र लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जात. कँटीनमध्ये उभं राहून खरं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. आधी नोकरीची भीती होती. आणीबाणी उठल्यावर तीही उरली नाही, उरली ती लाज.

आता माझंही वय झालंय. त्या दिवसांत भलेभले मान खाली घालून सह्या करत होते. आमच्या डॉक्टरांनी तशी सही केली नाही, आणि आपला नकार दुसऱ्या कुठल्या नावाखाली लपवूही दिला नाही. अशा माणसाच्या हाताखाली मी नऊ वर्षं काम केलं. चिखलीतल्या लोकांनी हे वाचावं आणि आपल्या पोरासोरांना यापुढे असंच सांगावं.