लिटल जॉर्डनची हजेरी

लिटल जॉर्डन चर्चच्या हजेरीवहीत एकोणपन्नास वर्षं एकच अक्षर आहे, मिस ओझेला ग्रिमबॉल यांचं. या बाईंनी साउथ कॅरोलायनाच्या उन्हात तंबाखूची पानं तोडली, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भात शिजवला, नवरा मातीत ठेवला. दोन मुलगे उत्तरेला गेले ते तिकडचेच झाले. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारची हजेरी कधी चुकली नाही.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याआधी, त्या उभ्या राहून नावं वाचत. मेलेल्या माणसाचं नाव खोडायचं नाही, ही लिटल जॉर्डनची रीत. ते नाव आलं की नात्यागोत्यातलं कुणीतरी त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणायचं. या लोकांच्या पणजोबा-पणज्यांना गुलामीच्या काळात मालकाने आपल्या मालमत्तेच्या वहीत बैलांच्या खालोखाल लिहिलं होतं. म्हणून स्वतःची वही त्यांनी अशी जपली. जिवंत माणूस आला नसेल तर मात्र गप्प राहायचं. त्याचं त्याने येऊन बोलावं.

हिवाळ्यात चर्चचे धर्मगुरू, म्हातारे पाळक, वारले. उरलेल्या नऊ माणसांसाठी नवा पाळक कोण येणार? आशा होती ती त्या नवांतल्याच एकट्या व्हर्डेल गिलयार्डची. शाळेची बस चालवायची, आणि प्रवचनाला उभी राहिली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये पाळक होऊ पाहणाऱ्यांना धर्मशिक्षणासाठी अटलांटातला एक निधी शिष्यवृत्ती देत असे. वयाची अट पंचेचाळीसच्या आतली. व्हर्डेलला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती.

“मिस ओझेला, अर्जासोबत सभासदांची यादी हवीय. तुम्हीच लिहा.”

“मीच लिहिणार. तुझं अक्षर म्हणजे बस खड्ड्यातून चाललीय.”

“प्रवचनही तसंच,” चर्चचा कारभार पाहणारे डीकन क्लिओफस म्हणाले. “ब्रेकच लागत नाही.”

“तुम्ही झोपलेले असता, तुम्हाला काय कळतंय?” व्हर्डेल म्हणाली.

मिस ओझेलांनी दोन दिवस बसून वहीतली सगळी नावं उतरवली. एकशे बारा. व्हर्डेलने यादी वाचली, आजीच्या नावावरून बोट फिरवलं आणि पाकीट चिकटवलं. दोघींना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मे महिन्यात मिस ओझेलांना निधीतल्या बाईंचा फोन आला.

“मॅडम, आम्ही यादीतल्या सभासदांची चौकशी केली. यातली एकशे तीन माणसं हयात नाहीत.”

“ठाऊक आहे. बहुतेकांना पोचवायला मीच गेले होते.”

“मग यादीत कशी?”

“दुसरीकडे कुठे जातील? आमचीच आहेत ती.”

“माझी आजी अशाच चर्चची होती, मॅडम. मला कळतंय. पण समितीने ही खोटी माहिती ठरवली. अर्ज बाद झालाय.”

“चूक माझी आहे, पोरीची नाही. आत्ता नऊ नावं लिहून देते.”

“नऊ माणसांच्या मंडळीला समिती पैसे देणार नाही, मॅडम. आणि पुढच्या वर्षी व्हर्डेल यांचं वय बसणार नाही.”

मिस ओझेला व्हर्डेलच्या ओसरीवर गेल्या. उभ्यानेच सगळं सांगितलं. “खोडायला हवी होती गं मी ती नावं.”

“कुणाला खोडणार होता? माझ्या आजीला?” व्हर्डेल म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ऑगस्टमध्ये ती बहिणीकडे शार्लटला निघून गेली. तिकडे तिला बसचंच काम मिळालं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सहा माणसं होती. पाळक नाही म्हणून प्रभुभोजन नाही. द्राक्षरसाची बाटली तशीच बंद. मिस ओझेलांनी वही उघडली. मेलेल्यांच्या वतीने सहाजण आळीपाळीने ‘हजर’ म्हणत राहिले. घसे कोरडे पडले.

“व्हर्डेल गिलयार्ड.”

कुणी बोललं नाही. डीकन क्लिओफसना राहवेना. त्यांनी तोंड उघडलं.

“अंहं, क्लिओफस,” मिस ओझेला म्हणाल्या. “ती जिवंत आहे.”

नावाखाली बोट ठेवून त्या थांबल्या. नेहमीपेक्षा खूप वेळ थांबल्या. मग बोट खाली सरकवलं.

“एझ्रा ग्रिमबॉल.”

ते त्यांच्या नवऱ्याचं नाव.

“हजर,” त्याच म्हणाल्या.